चुलीची उलटी बाजू

माय,

तुझी लेक या वयात चिखलात खेळायला जाते, हे ऐकून तू आधी पदर तोंडाला लावून हसली असतीस आणि मग विचारलं असतंस, घरातली कामं संपली का? संपली म्हणायची. नोकरी संपली, मुलाचं लग्न झालं, आणि उजवा खांदा असा आखडला की वेणी घालायलाही सूनबाईला हाक मारावी लागते. डॉक्टर म्हणाले, वयानं होतं. सूनबाई म्हणाली, आई, तुम्ही अंग फार आवळून धरता. तिनंच मला जळगावात आमच्या घराजवळ चालणाऱ्या मातीच्या वर्गात नेऊन बसवलं. तिथं भांडी करायला शिकवत असतील असं मला वाटलं होतं. म्हटलं, चला, तुळशीला एखादी कुंडी तरी होईल.

कुंडी राहिली बाजूला. तिथली बाई माझ्या सुनेहूनही लहान आहे. ती आम्हा बायकांना सतरंजीवर बसवते, डोळे मिटायला लावते आणि हळू आवाजात सांगते, "श्वास पायाच्या बोटांपर्यंत जाऊ द्या. कुठे जड वाटतंय, कुठे आखडलंय, नुसतं बघा. दुरुस्त करू नका." पहिल्या दिवशी मला हसूच आलं. श्वास काय पाटाचं पाणी आहे, सोडलं की शेवटच्या वाफ्यापर्यंत जायला? पण बसले. पाय, गुडघे, पोट करत करत ती हातांपाशी आली, आणि माय, माझ्या डाव्या मनगटाभोवती काहीतरी आवळलेलं होतं. डोळे उघडून पाहिलं तर तिथं दोन काचेच्या बांगड्या, त्याही सैल. पुन्हा मिटले, तर पुन्हा तेच. मग तिनं प्रत्येकीच्या पुढ्यात मातीचा गोळा ठेवला आणि सांगितलं, न बघता हाताला हवं ते करू द्या.

जरा वेळानं ती माझ्याजवळ वाकली. "काकू, तुम्ही डावखुऱ्या आहात का?"

"नाही हो," मी ताडकन म्हणाले. डोळे उघडले तेव्हा डावा हात कोपरापर्यंत मातीत होता आणि उजवा मांडीवर, पाहुण्यासारखा स्वच्छ. खांदा दुखतो ना, म्हणून, असं मी तिला समजावलं. तिनं मानही डोलावली. घरी येईपर्यंत मात्र माझा जीव थाऱ्यावर नव्हता, कारण ते मनगट कशानं आवळलं होतं हे मला वाटेतच आठवलं होतं.

धुळ्याचं आपलं स्वयंपाकघर. बाबा डेपोतून यायची वेळ झालेली, तू भाकरी थापते आहेस आणि मी समोर ताट घेऊन बसले आहे. माझा डावा हात भाकरीकडे जातो. तू उठतेस, खुंटीवरची जुन्या लुगड्याची चिंधी काढतेस आणि माझा डावा हात मनगटाशी धरून पाटाच्या फळीला बांधतेस. "जेवना हात झोपी गया का व तुन्हा?" मी रडते. तू म्हणतेस, "सासरले जाशी तव्हय लोके मालेच नावे ठेवतीन." रोजचं होतं ते. जेवताना, पाटीवर अक्षरं काढताना, हळदीकुंकवाला आलेल्या बायकांपुढे साखर धरताना. पुढे चिंधी लागेनाशी झाली, तू नुसतं बघितलंस की पुरे. उजवा हात शहाणा झाला. शाळेच्या ऑफिसात मी जन्मभर लिहिलं, आणि माझ्या अक्षराचं कौतुक केलं नाही असा एक साहेब झाला नाही. डावा हात पिशव्या उचलायला उरला.

तुला वाईट म्हणायचं नाहीये मला. ताट उचललं की तू पहिल्यांदा गाठ सोडायचीस, मनगट आपल्या हातात घ्यायचीस. "दाव. दुखस का?" मी नाही म्हणायची. तू तेलाचं बोट फिरवायचीस आणि बराच वेळ हात सोडायचीच नाहीस. आजोबांच्या वावरात, धरणगावला, कापूस वेचायला जायचो तेव्हा तर चिंधी घरीच राहायची. तिथं तू म्हणायचीस, "वावरमा दोन्ही हात चालतस," आणि माझी ओटी सगळ्या पोरींच्या आधी भरायची. मग तुझ्या तोंडावर जे यायचं ते मी अजून विसरले नाही. म्हणूनच मला कधी कळलं नाही, तुला माझी लाज वाटायची की काय? एकच हात घरात वाईट आणि वावरात चांगला कसा? तू होतीस तोवर हे विचारायचं धाडस झालं नाही. खोटं कशाला बोलू, पुढे माझं मूल पाळण्यात हात हलवायचं तेव्हा आधी मी कुठला हात हलतो ते बघायची. तुझ्यावरचा राग असा अंगात राहून गेला होता, न बोलता.

मागच्या आठवड्यात वर्गातल्या बाईनं मातीची पातळ पोळी लाटून दिली. पोळी माझा शब्द, ती काही वेगळं म्हणते. ही पोळी दोन्ही हातांवर, कोपरापासून बोटांपर्यंत पसरून घ्यायची, तिचं वजन कुठं पडतंय ते बघायचं आणि पालथ्या घातलेल्या वाडग्यावर अलगद उतरवायची, की वाळल्यावर थाळी होते. बाकीच्या बायका चाचरत होत्या. कुणाची फाटली, कुणाची घडी पडली. मी डोळे मिटले, ओलं गार वजन हातांवर आलं, आणि हातांना काही विचारावंच लागलं नाही. या हातावरून त्या हातावर, पुन्हा या हातावर. पोळी मोठी होत गेली. शेवटी ती डाव्या हातावरून वाडग्यावर उतरली, एक सुरकुती नाही.

आणि मी तशीच उभी राहिले, कारण हे मी आधी कधी केलेलंच नव्हतं. खापरावरच्या पोळ्या मला कधी जमल्या नाहीत, मी आपली तव्यावरची. हे तुझं होतं. मी फक्त वर्षानुवर्षं तुझ्या मागे बसून बघितलं होतं.

आखाजीच्या सणाला, लग्नाकार्याला तुला लोक बोलावून न्यायचे. तापलेलं पालथं खापर, पुरण भरलेला सैल गोळा, तो तुझ्या हातांवर फिरत फिरत सुपाएवढा व्हायचा. बाकीच्या बायका चुलीच्या एका बाजूला बसायच्या, तू पलीकडे, एकटी. कुणीतरी हमखास विचारायचं, "अक्का, तू उलटी बाजूले काबर बसस व?" आणि तुझं उत्तर ठरलेलं. "तिकडथून धूर डोयामा जास. माले आठेच बरं पडस." सगळ्या हसायच्या. अक्काचे डोळे फार नाजूक, अशी तुझी ख्याती होती. मीही तेच धरून चालले. वर्गात, ती मातीची पोळी हातावरून उतरल्यावर, मला पहिल्यांदा आठवलं की धूर तर तुझ्याच बाजूला यायचा. तुझे डोळे लाल व्हायचे, तू पदरानं पुसायचीस आणि तरी बाजू बदलायची नाहीस. त्या सगळ्यांची पोळी उजव्या हातावरून खापरावर पडायची. तुझी डाव्या. त्यांच्या शेजारी बसली असतीस तर हातांना हात लागले असते, आणि कुणाच्या तरी लक्षात आलं असतं.

माय, तुझा हात कुणी बांधला होता गं? आजीनं? की सासरी आल्यावर? आणि तो चिंधीनंच बांधला, की आणखी कशानं? आता सांगणारं कुणी उरलं नाही. कदाचित मी उगाच जुळवते आहे. म्हातारपणी माणसाला सगळं जुळवायची खोड लागते, सूनबाई म्हणतेच. पण माझे हात जे बोलले ते मी ऐकलं आहे. तुला माझी लाज वाटत नव्हती. तू ताटासमोरच्या पोरीला ओळखलं होतंस, आणि तिच्या वाट्याला काय येतं हे तुला ठाऊक होतं, म्हणून ते दुसऱ्या कुणी करायच्या आत तू मऊ लुगड्याची चिंधी शोधलीस. हे लिहिताना मला रडू येतंय, आणि कुणी पुसायला नाही हे बरंच आहे.

वर्गातल्या बाईला काल सांगून टाकलं, हो, मी डावखुरी आहे. तिनं "बरं" म्हटलं आणि पुढच्या बाईकडे गेली. तिच्या लेखी एवढंच ते. खांदाही जरा सैल झालाय, औषधानं की कशानं कोण जाणे. जेवताना मात्र अजून उजवाच हात ताटात जातो, आणि मी त्याला जाऊ देते. डावा मला तुझ्याकडून आला, उजवा तू वळवून दिलास. कुणाला परका म्हणू?

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून शेवटी खरं तेच लिहिते. हात बांधल्याचा राग गेला. पण त्या चुलीपाशी, एखाद्या आखाजीला, बायका उठून गेल्यावर, तू मला एकदा जवळ बसवून म्हणायचं होतंस, की मीबी तशीच शे. तेवढं म्हणाली नाहीस, त्याचा राग आहे. अजून आहे, माय, आणि तो मला सोडवत नाही.