डबीतली गाठ

प्रिय ताई,

माझा फोन कट करतेस, म्हणून नवनाथ दाजींच्या हातात हे कोंबतोय. फाडलंस तर दुसरं लिहीन. माझं अक्षर तुला माहितीये, वाचताना त्रास तुलाच.

काल तुझी कॅन्सरची गाठ बघून आलो. गेल्या महिन्यात पोटातलं पाणी काढलं होतं ना, त्यातल्या तिच्या पेशी लॅबवाल्यांनी डब्यांत वाढवल्यात. खाऊपिऊ घालून, उबेत ठेवून! मी म्हटलं, हे काय लाड? तिथल्या साक्षी मॅडम म्हणाल्या, एकेका डबीत एकेक औषध टाकून बघायचं, कशानं मरते ते. तेव्हा टकुऱ्यात शिरलं. कुरुळीत आमच्या कंपनीत माल तपासणारे साहेबराव हेच करतात, लॉटमधला एक पीस आधी तोडून बघायचा, मग बाकी माल सोडायचा. तुझ्या बाबतीत पीस राहिला बाजूला, थेट तुलाच तोडलं. दोन औषधांनी, दोनदा.

मी विचारलं, मॅडम, हिला दुखतं का? म्हणाल्या, तिला नसाच नसतात. मूडच गेला माझा. तुझे केस गेले, तोंड आलं, आणि हिला साधं दुखत पण नाही? दापोडीत तुला शिट्ट्या मारणाऱ्या किसनच्या स्कूटरच्या सीटमध्ये मी सुके बोंबील कोंबले होते, आठवतं? पंधरा दिवस कुत्री मागं लागायची त्याच्या. हिच्यासाठी मात्र काही सुचेना.

मग मॅडमनी कॉम्प्युटरवर फोटो दाखवले. तुला दिलेली दोन्ही औषधं टाकली त्या डब्यांत ती मस्त फुगलेली. म्हणजे तुझ्या सासूबाई म्हणतात ना, हिच्या अंगालाच औषध लागत नाही, ते साफ खोटं. औषधच चुकीचं होतं गं. आणि तिसरं, नवीन औषध टाकलं त्या डबीत? नुसत्या चिंध्या! चार वेळा मोठा करून बघितला तो फोटो. शिवी पण हासडली. मॅडम म्हणाल्या, अहो हळू, शेजारी मीटिंग चालूय.

डबीत मेली म्हणजे पोटात मरेलच असं नाही, हे पण त्यांनी सांगितलं. तुझ्याशी खोटं कशाला बोलू. डॉक्टर सोमवारी तिसरं औषध सुरू करायला तयार आहेत, आणि तू 'आता बास' म्हणून सांगवीत दार लावून बसलीस. डबीतली मेली, पण माझा सूड त्यात पुरा होत नाही. खरी तुझ्यात बसलीय, आणि तिथं तू हो म्हटल्याशिवाय मला घुसता येत नाही. एकदा हो म्हण ताई. मग मला काय बडवायचं ते बडव.

तुझाच, अजून पेटलेला,
ज्ञानेश