राणी रंगाचे गुलाब

सेलू, ४ एप्रिल २०२५

चि. शाल्मलीस सुलोचनाआत्याचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे खुशाल. फोनवर मले नीट ऐकू येत नाई, म्हणून लिहून राह्यली. शेजारच्या अंजूचं लग्न हिंगणीले हाये. केक तिनं माह्याच हातचा मागतला, वरून राणी रंगाचे साखरेचे गुलाब. आपला गजेंद्र म्हणते, आई, बासष्टाव्या वर्षी काऊन हा उपद्व्याप? नागपूरहून विकत आणू. मी ऐकलं नाई. पण तू दिलेला केकचा जेल रंग डबीतच वाळला. त्यात पाणी ओतून कालवला तं गुलाबाच्या साखरेचा गोळा चिकट झाला, पार कोपरापर्यंत लागला. आता काय करू?

वाट पाहून राह्यली, तुही आत्या.

नागपूर, ९ एप्रिल

ती. आत्यास शाल्मलीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून हसू आवरेना. पाणी अजिबात नको. नवी डबी पाठवते आहे. टूथपिकच्या टोकाला येईल तेवढाच रंग घे, आणि दर वेळी कोरी काडी. वापरलेली परत बुडवलीस तर रंग खराब होतो. झाकण घट्ट लावून कपाटात ठेव. मागची डबी गॅसजवळच्या खिडकीत ठेवली होतीस ना? मला ठाऊक आहे! गोळा हवा त्याहून फिका राहू दे, रात्रीतून रंग चढतो. फुलं पंख्याखाली वाळव. उन्हात रंग उडतो, फ्रीजमध्ये ओल धरतात.

जिवाला जप. माया आहेच, ती वाढू दे.
तुझी शाल्मली

सेलू, २ मे

चि. शाल्मलीस आशीर्वाद.

फिका ठेव म्हणालीस, पण माह्या मनाले पटलं नाई. सकाळी पाह्यलं तं गुलाब बिटासारखे काळपट! सगळे फेकले, पुन्हा बसली. या वेळी तुहं ऐकलं.

हिंगणीले मांडवात लाइट गेली, पंखे बंद पडले. केकची क्रीम जराशी ढळली, पण गुलाब जागचे हलले नाईत. केटररनं विचारलं, केक नागपूरच्या कोणत्या दुकानातून आणला? मी तोंड उघडायच्या आधी गजेंद्रच वरडला, आमच्या आईनं केला! असा बोलला, जसं त्यानंच मले शिकवलं.

अन् अंजूची सासू? तिनं एक गुलाब उचलला अन् खरा समजून अंबाड्यात खोचला! पाकळी कडकन मोडली तवा कळलं. मी म्हटलं, थांबा, काढून देते. ती म्हणे, राहू द्या, असा गुलाब आमच्या बागेत नाई. अर्धा गुलाब डोक्यात घेऊनच फोटोले उभी राह्यली. अन् मलेई फोटोत आपल्या बाजूले ओढलं.

सुखी राह्यजो पोरी.
तुही आत्या