आईचा हीटर

किझिलोर्दा, ९ जानेवारी

ती. मेदेतदादास, सा. न.

तुम्ही धरणवाले तिकडे वर पाणी सोडून वीज करता आणि ते पाणी खाली माझ्या दारात येतं! इथे नदी गोठलीय. वरून सोडलेलं पाणी बर्फाखाली मावत नाही, काठावर चढतं. काल गोठ्यात शिरलं. उन्हाळ्यात कलिंगडांना मागितलं की तुमचे दरवाजे बंद, आता नको म्हटलं तर खैरात. सख्खा भाऊ आहेस की वैरी? थोडं कमी सोड ना रे. आईला कळू देऊ नकोस.

रागावलेली, तरी तुझीच,
जिपार

धरण वसाहत, १७ जानेवारी

चि. जिपारीस, अनेक आशीर्वाद.

अगं, पाणी किती सोडायचं ते राजधानीत ठरतं, मी हुकमाचा ताबेदार. थंडी उणे पंचवीस आहे. टर्बाइनं थांबवली तर लोक गारठून मरतील.

इथे निराळीच कटकट. तुझं पत्र पोरीने मोठ्याने वाचलं, आईने ऐकलं. तेव्हापासून ती हीटर बंद करून कोट घालून बसते. एका हीटरने काही होत नाही, हे हजारदा समजावलं. म्हणते, माझ्या वाटचं पाणी तरी लेकीच्या दारात नको. खोकला छातीत उतरलाय. खोली गरम झाली नाही तर ती जगणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. मला भीती वाटते गं. पाणी ओसरलं असं तिला लिही. खोटं असलं तरी चालेल.

तुझा,
मेदेत

किझिलोर्दा, ३० जानेवारी

ती. आईस, शि. सा. न. वि. वि.

पाणी केव्हाच उतरलं. अंगण कोरडं आहे, काल गालिचे उन्हात घातले. मुलं मजेत. दादाने फार धावपळ केली, त्याचे उपकार कसे फेडू? आता हीटर लाव बाई.

लोभ आहेच, तो वाढू दे.
जिपार

धरण वसाहत, ८ फेब्रुवारी

चि. जिपारीस, अनेक आशीर्वाद.

आईने पत्र दोनदा वाचायला लावलं, मग स्वतः उठून हीटर लावला. खोकला उतरतोय. मी सुटकेचा निःश्वास टाकला.

संध्याकाळी पाहतो तर घरातल्या सगळ्या रजया बांधून दारात! तिकडे जाणाऱ्या ट्रकवर चढव म्हणाली, पोरं कुठे उघड्यावर झोपत असतील. मी म्हटलं, अंगण कोरडं आहे ना? तर म्हणाली, भावाला शिव्या न घालता जिपारने कधी पत्र लिहिलंय का? हीटर मात्र तिने बंद केला नाही. लेकीने माझ्यासाठी एवढं खोटं लिहिलं, ते वाया कसं घालवू, म्हणाली.

रजया पोचल्या की कळव. आणि खरं काय ते लिही.

तुझा,
मेदेत