सासूच्या हातातला चेंडू

पिंपळगाव बसवंत,
मंगळवार

तीर्थरूप लंकामावशीस,

धनराजचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. इकडे आम्ही सगळे मजेत. तुझा खोकला गेला का? (संतोषने, म्हणजे तुझ्या लाडक्या चिरंजीवांनी, मुद्दाम विचारायला सांगितलंय, स्वतः फोन करायला त्याला वेळ नाही.) मीही फोनच करणार होतो, पण तू फोन स्पीकरवर टाकतेस आणि विंचूरचं अख्खं कांद्याचं खळं ऐकत बसतं. त्यातल्या निम्म्या बाया तुझ्या बास्केटबॉलच्या टीममध्ये. म्हणून हे पत्र.

मी आमच्या पॅकहाउसच्या बायांचा कोच झालो हे ऐकून तू म्हणे पोट धरधरून हसलीस. हसण्यासारखंच होतं. द्राक्षांचा हंगाम उरकल्यावर शेठनी टेम्पो लावायच्या आवारात दोन बास्केट ठोकून दिल्या, आणि कॉलेजात मी टीममध्ये होतो (बाकावर, पण टीममध्ये) एवढ्या पुण्याईवर शिट्टी माझ्या गळ्यात आली. आमच्या बायांना सवय घड देठाला धरून उचलायची, मण्याला बोट लागू द्यायचं नाही. सुरुवातीला त्या चेंडूसुद्धा एकमेकींच्या ओंजळीत अलगद ठेवायच्या. फेका म्हटलं की, "लागंल ना दादा कोणाला!" फेकायला शिकल्या, तर बास्केटखाली जाऊन मानपान सुरू. मालनबाई, तुम्ही टाका. नको गं, तूच टाक. हळदीकुंकवाला आल्यासारखं. मालनबाई वयाने सगळ्यांत मोठ्या. त्या चेंडू घेऊन निघाल्या की समोरची टीम बाजूला सरकून वाट द्यायची. हिसकावा, हिसकावा म्हणून मी घसा फोडला, तर भिमाबाईंनी मलाच सुनावलं, "मोठ्या माणसाच्या हातातलं हिसकायचं? हे शिकिवलं का तुम्हाला कालेजात?"

आणि मग तुमच्याबरोबरचा सराव सामना. आमची सगळ्यांत चपळ खेळाडू म्हणजे पूजा, तुझी सून. तू चेंडू आपटत सरळ तिच्या अंगावर आलीस. तिने नुसता हात लांबवला असता तरी काम झालं असतं. तिने हात नेला डोक्यावर, पदर शोधायला. टी-शर्टला पदर कुठला? मग कॉलरच वर ओढली आणि तुला वाट दिली. तू बास्केट टाकलीस, आणि वर, परतताना तिला "सुखी राहा" म्हणालीस. आम्ही त्या एका बास्केटने हरलो.

पण मावशी, त्यानंतर या बाया ज्या खेळल्या! कामगार बायांच्या स्पर्धेत दोन टीम लोळवल्या. परवा पूजाने एका ताडमाड पोरीच्या हातातून चेंडू असा काढला की पंचसुद्धा शिट्टी तोंडात धरून बघत राहिले. भिमाबाईंनी न विचारता, न थांबता बास्केट टाकली. संतोष टेम्पोच्या टपावर नाचत होता. मी रडलो, खोटं कशाला सांगू. इतका अभिमान मला स्वतःच्या लग्नातही वाटला नव्हता (हे आमच्या घरी सांगू नकोस).

आता रविवारी फायनल, आणि समोर तुम्ही. पूजाचं जेवणात लक्ष नाही. म्हणते, "मॅच काय, संपून जाईल. सणाला वाढायचं तर त्यांच्याच ताटात हाय ना मला." ती पुन्हा बाजूला सरकली, तर एवढ्या बायांची मेहनत पाण्यात जाईल.

खोकल्याला अडुळसा घे. सगळ्यांना नमस्कार.

तुझा
धनराज

ता. क. : ज्यासाठी लिहायला बसलो ते राहिलंच. "पूजा, माझ्या हातातला चेंडू खुशाल घे," एवढी एक ओळ तुझ्या हाताने लिहून पाठव. खेळाच्या नियमांत सासू कुठेच नाही, हे मी तिला शंभरदा सांगितलं. पण तिला माझं पटत नाही, तुझं पटेल.

ता. क. २ : पाकीट चिकटवण्याआधी पूजाने पत्र वाचलं. आधी हसली, मग माझ्यावरच चिडली. म्हणाली, "परवानगी कशाला मागता, दादा? पाया मी शिट्टीच्या आधी पडून घेईन. शिट्टी वाजली का मग सासू नाय नि सून नाय." तेव्हा ती ओळ लिहिली नाहीस तरी चालेल. फक्त ती वाकली की सवयीने तोंडभर "यशस्वी हो" असा आशीर्वाद देऊ नकोस. तुझा आशीर्वाद आजवर वाया गेलेला नाही, आणि रविवारी तो लागला तर नुकसान तुमचंच आहे.