ताईने दोनदा मागितलेली खीर

प्रिय कमल,

खण्ण! पस्तीस वर्षं झाली, तरी अंगणात आदळलेल्या त्या पातेल्याचा आवाज कानातून जात नाही. आज लिहितो आहे, कारण आज त्याचा सूड घेतला. तुझ्या वर्षश्राद्धाला, तुझ्याच खिरीने!

आठवतं ना? तुला दूध पचायचं नाही. घोटभर घेतलंस तरी पोट धरून बसायचीस. सोयाबीन तेव्हा आपल्या वावरात नुकतंच आलं होतं. ते भिजवून, वाटून, गाळून तू दूध काढलंस आणि त्याचीच तांदळाची खीर केलीस. सणाला माहेरी आलेली माझी मोठी बहीण, आपली ताई, काय कडाडली! "ढोराच्या ढेपीचा माल नैवेद्याले? दूध पचत नाही म्हणे! नखरे हायेत नुसते." आणि पातेलं भिरकावलं.

मी कुठे होतो? ओसरीत. दुसऱ्या दिवशी पाचवीच्या वर्गाला शिकवायची पाखरांची कविता गुणगुणत. सगळं ऐकू आलं, तरी कडवं पूर्ण केलं. त्या दिवशी तू मला एक शब्द बोलली नाहीस. बोलायचं होतंस गं! चार शिव्या हासडायच्या होत्यास!

पुढे तू दार लोटून स्वयंपाक करू लागलीस. शेंगदाण्याच्या दुधात हिरव्या मिरचीचे देठ टाकून दही लावायचीस. नातीच्या केकमध्ये अंड्याऐवजी भिजवलेलं जवस. पाहुणा आला की सगळं फडताळात! स्वतःच्याच घरात चोरून जेवलीस तू. आणि मी तुझी कृती चालीवर म्हणायचो, 'रातभर भिजव, साल उतरव, ढवळत राहा गं, ढवळत राहा.' तू हसायचीस. तेवढंच काय ते माझं कर्तृत्व.

काल सोयाबीन भिजत घातलं, तर सून म्हणाली, "बाबा, आत्याबाई येतीन जेवायले. काहून वाद वाढवता?"

म्हटलं, "येऊ दे. तिच्यासाठीच भिजवून राह्यलो."

सकाळी मीच ढवळायला उभा राहिलो. कच्चा वास पुरता जाईपर्यंत हात थांबवला नाही. वर वेलची. गोळ्यांची कढीही शेंगदाण्याच्या दह्याची.

ताईने वाटी संपवली. पुढे केली. पुन्हा पुढे केली! वर भटजींना ऐकवते, "याले म्हणतात दूध! घरच्या गाईचं दिसते. आमच्या कमलले अशी खीर जमली नाही कधी."

या वाक्याचीच वाट पाहत होतो मी. "गाय नाही ताई, सोयाबीन आहे. कमलचीच खीर आहे. फेक आता अंगणात!"

भटजींचा भुरका अर्ध्यावर. ताईचा चेहरा तू पाहायला हवा होतास! "श्राद्धाच्या दिवशी मोठ्या बहिणीले फसवतं? आता मेली तरी या घरात पाय नाही ठेवीन." हात न धुताच निघाली.

गोड वाटलं गं. अजून वाटतंय. चुकलो म्हणशील? म्हणशीलच तू. तुला कुणाचा राग धरताच यायचा नाही. म्हणून तुझ्या वाट्याचाही मीच धरला. उशिरा, पण धरला.

एक वचन देतो. यापुढे या घरात तुझी खीर झाकून ठेवली जाणार नाही. सणाला, श्राद्धाला, कुणाही पाहुण्यापुढे हीच होईल, आणि कशाची आहे ते आधी सांगून. आणि ताई दारात आलीच, तर तिला पाणीसुद्धा विचारणार नाही.

तुझा,
उशिरा तोंड उघडलेला
बाळकृष्ण

ता. क. सही करतोय तोच कडी वाजली. ताई! एकटीच, पदराखाली डबा धरून. आत आली नाही. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, "उरली असंन तर दे थोडी."

मी जागचा हललो नाही.

मग खाली पाहत म्हणाली, "बाळ्या, मलेही दूध कधी पचलं नाही रे. खिरीच्या हौसेपायी पोटदुखी सोसत आली, आज पहिल्यांदा दुखलं नाही. सासरी कोणाले सांगू? कमलनं सांगितलं, अन् तू तिले पिऊ नको म्हणाला. थे पाहून जीव जळला होता माहा."

कमल, ती अजून तिथेच उभी आहे.