हात काढला तरी फिरणारा बाण

शुक्रवार, २६ जानेवारी २००७
आज सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी मी नऊ वर्षांच्या एका मुलीला सगळ्या वाडीसमोर खोटारडी म्हटलं. आधी हे लिहून ठेवते, नाहीतर उद्या मीच त्याला दुसरं नाव देईन.

आंबेनळी घाटाच्या वरच्या अंगाची वाडी. चौथीपर्यंतची शाळा. वाडीच्या मुंबईकर मंडळाने शाळेला कम्प्युटर दिला, त्याचं आज उद्‌घाटन. मी प्रमुख पाहुणी. निवृत्त बाई, महाडची, इंग्रजी बोलते, एवढी पात्रता पुरते. चपला बाहेर काढायला लावल्या. कम्प्युटरला हार, हळद-कुंकू. वीज नव्हतीच, मंडपवाल्याचा जनरेटर घुरघुरत होता. भिंतीवर नवा तक्ता: ‘मूल स्वतः शिकते. शिक्षक केवळ सुलभक.’ त्याच तक्त्याखाली उभी राहून मी वीस मिनिटं भाषण केलं. मुलांनो, प्रश्न विचारा. डोळे उघडे ठेवा. टाळ्या.

मग प्रात्यक्षिक. चौथीतली सुगंधा माउस धरून बसली. कम्प्युटरच्या स्क्रीनवर बाण फिरू लागला, चित्रांवर टिचक्या पडू लागल्या. मंडळी खूश. मध्येच ती वळून मला म्हणाली, “बाई, मी हात काढलाय. तरी ह्यो बाण फिरतोय. कुनीतरी दुसराच फिरवतोय.”

लोक हसले. मंडळाचे सेक्रेटरी ओरडले, “अरे, भूत है क्या अंदर?” आणखी हशा. आणि मी: “खोटारडी कुठली! लक्ष नसतं आणि वर कारणं. हात ठेव माउसवर.”

तिने ठेवला.

एक वाजता विसरलेली पर्स घ्यायला त्या खोलीत गेले. पर्स टेबलाखाली पडली होती. टेबलक्लॉथ उचलला. मुलांच्या माउसची वायर कशालाच जोडलेली नव्हती. टोकाला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून गाठ मारलेली. मागे कापडी पडदा, पडद्यामागे खुर्ची, खुर्चीवर दुसरा माउस, त्याची वायर कम्प्युटरला जोडलेली.

बाहेर पंगत बसली होती. सगळे होते तिथे, तिचा बापही. तेव्हाच बोलायला हवं होतं. मी पंगतीत बसले. जिलेबी खाल्ली. आग्रह झाला, आणखी घेतली.

रविवार, २८ जाने.
कदम गुरुजी, म्हणजे त्या शाळेचे मुख्याध्यापक, महाडातच राहतात. बाजारात गाठलं. हातात मेथीची जुडी, त्यामुळे पळता येईना.
“पडद्यामागे कोण होतं?”
“मीच होतो, बाई. मुलांच्या हातून काही बिघडलं असतं तर मुंबईकरांनी सालटी काढली असती माझी.”
“मुलांनी कम्प्युटरला आधी कधी हात लावला होता?”
“हात लावू दिला असता तर आजवर टिकला असता का?”
दिवाळीपासून कुलपात आहे म्हणे. जपून. मी तक्त्याची आठवण दिली. म्हणाले, प्रशिक्षणातलं प्रशिक्षणात. म्हटलं, तुमच्या शाळेत सुलभक पडद्याआड बसतो.
चांगलं सुनावलं. घरी येईपर्यंत समाधान टिकलं. मग आठवलं, मुलीला खोटारडी ते म्हणाले नव्हते.

गुरुवार, १ फेब्रु.
वाडीवर गेले. एसटी घाटाच्या वळणावर सोडते, पुढे चढ. गुडघे. सुगंधा आजीजवळ राहते, आईबाप मुंबईत. मला बघून पोरगी गोठ्यात शिरली. आजीने पाणी दिलं, बस म्हणाली नाही.
मी म्हटलं, चूक माझी झाली, तिला सांगायला आले.
“चारचौघांत पोरीला खोटी केलीत, नि आता माज्या वट्यावर खरी करता? गावकीसमोर बोललेलं गावकीसमोरच मागं घेत्यात, बाई. आमच्यात तसंच हाय.”
बाप सोमवारी मुंबईला गेला. जाताना सांगून गेला: चौथी झाली की बास. शिकून मंडळात हसं करून घ्यायचं नाय. पाचवीसाठी खाली पोलादपूरला मामाकडे ठेवायचं ठरलं होतं तिला. ते मोडलं.
मी म्हटलं, त्याच्याशी फोनवर बोलते.
“माजं ऐकत नाय, तुमचं ऐकंल? त्याच्या कानानं त्यानं काय आयकलं, तेच खरं.”
निघताना गोठ्यातून आवाज आला, “मी दोनदा काढला व्हता हात.”
“दोनदा का गो?”
“पैल्यांदा चुकून. दुसऱ्यांदा बघायला.”
दुसऱ्यांदा बघायला. याहून जास्त शिकणं माझ्या वीस मिनिटांत नव्हतं.

सोमवार, ५ फेब्रु.
सेक्रेटरींचा मुंबईहून फोन. मीच निरोप ठेवला होता: शिमग्याला सगळे मुंबईकर येतात, पालखी बसते तिथे गावकी भरते, मला दोन मिनिटं बोलू द्या.
“मॅडम, छोड दो ना. पोरगी आहे, विसरेल. शिमग्यात कम्प्युटर कशाला काढता? मंडळाची बदनामी. आणि गावकीत बाईमाणूस बोलत नाही, रिवाज आहे.”
“सव्वीस तारखेला बोलले तेव्हा कोण होते मी?”
“तेव्हा पाहुण्या होतात.”
म्हणजे खोटं बोलायला पाहुणी चालते.

शनिवार, १० फेब्रु.
क. गुरुजी घरी आले. तोडगा आणला: मशीनमध्ये बिघाड होता असं वर्गात सांगू, मुलीला कंपासपेटी देऊ. चहा पिताना मला तो तोडगा बरा वाटला. लिहून ठेवते: बरा वाटला. कोणाचंच नाव येत नव्हतं, माझंही. कप विसळताना स्वतःचीच घृणा आली. कॉन्व्हेंटात शिकवलं होतं, चूक सांगताना मान खाली आणि आवाज मोठा. माझं नेहमी उलट झालं.

मंगळवार, १३ फेब्रु.
पत्र रजिस्टर टपालाने धाडलं. एक गुरुजींना, एक सेक्रेटरींना. नक्कल इथे:

‘२६ जानेवारीस सकाळी १०.४० वाजता कु. सुगंधा खरं बोलली आणि मी तिला खोटारडी म्हटलं. हे मला शिमग्याला, पालखीसमोर भरलेल्या गावकीत, तिच्या वडिलांच्या देखत सांगायचं आहे. गुरुजींनी पडद्याबद्दल बोलावं की नाही, ते त्यांनी ठरवावं. माझं वाक्य मी बोलणार. त्यानंतर कम्प्युटर बाहेर आणावा आणि जोडलेला माउस तिच्या हातात द्यावा. बिघडला तर बिघडला.

परवानगी देता की नाही, ते कळवा. नाही म्हणायचं असेल तर कारणासह म्हणा. ते कारण मी तिच्या वडिलांना वाचून दाखवीन. फोन, तोंडी निरोप, कंपासपेटी चालणार नाही. शनिवार, २४ फेब्रुवारी, संध्याकाळी पाचच्या आत, लेखी, सहीनिशी, माझ्या महाडच्या पत्त्यावर.’