लाकडावरून पत्र्यावर

४ मार्च, सकाळी ७.१०
निर्णय झाला. बावीस वर्षं लाकूड घासलं, आता गाड्या घासणार. पण ‘घासणार’ हा शब्द बदलायला हवा. गाड्यांचं डिटेलिंग करतात.

कारण साधं आहे. एक कपाट पॉलिश करून दिलं की पंधरा वर्षं ते जागचं हलत नाही आणि गिऱ्हाईकही हलत नाही. गाडी मात्र रोज धूळ खाते, रोज कुणीतरी तिला घासून जातं. म्हणजे धंदा आपल्या पायांनी चालत येणार. पायांनी कसला, चाकांनी!

हिला सांगितलं. ही वर्कशॉपमध्ये एका फळीला पॉलिश पेपर मारत होती. (फावल्या वेळात किरकोळ मदत करते. गेली अठरा वर्षं.) म्हणाली, गाडीतलं काय कळतं तुम्हाला? म्हटलं, चमक ती चमक, लाकूड काय आणि पत्रा काय. म्हणाली, आणि हेडबाईंचं कपाट?

हेडबाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांच्या वडिलांचं पुस्तकांचं कपाट आलंय. महिनाअखेरीला त्या मोठं घर सोडून दोन खोल्यांत राहायला जाणार, त्याआधी त्यांना ते हवंय. म्हटलं, होईल. महिना अख्खा पडलाय.

५ मार्च
नवी पाटी लागली. पेंटरने ‘कार डिटेलिंग’चं ‘कार डिलीटिंग’ केलंय. राहू दिलं. गिऱ्हाईक पाटी वाचत नाही, काम बघतं.

७ मार्च
पॉलिशिंग मशीन आलं. काय आवाज आहे! वीस मिनिटं नुसतं हवेत चालवलं. शेजारच्या गॅरेजचा डेंटर बघायला आला. दादा, हे वेगात लावलं तर रंग जाळतं, म्हणाला. मनात म्हटलं, कॉम्पिटिशनची भीती माणसाला काय काय बोलायला लावते.

९ मार्च
व्हिडिओ बघून शास्त्रशुद्ध शिक्षण सुरू. रंगावर एक पारदर्शक थर असतो, तो म्हणे कागदाहून पातळ. धीरानं घ्या, मोजून घ्या, कडांना चिकटपट्टी लावा. माणूस अर्धा तास नुसता घाबरवत होता. बंद केला. रडतराऊतांकडून कला शिकता येत नाही.

१० मार्च
फ्रिजच्या दारावर सराव. कंपनीचं नाव गेलं. बाकी उत्तम.

१२ मार्च
हेडबाईंचं कपाट हिने एकटीनेच उघडून ठेवलंय. कापूस आणि स्पिरिट घेऊन जुनं पॉलिश उतरवतेय. बोटभर जागा करते, थांबते, बघते, पुन्हा बोटभर. या गतीने पुढच्या पिढीत होईल. जाता जाता मार्गदर्शन केलं : आतून बाहेरून सरसकट पेपर मार, कोरं करकरीत कर. हिने मान हलवली. हिची मान दोन प्रकारे हलते. ही दुसऱ्या प्रकारची होती.

१४ मार्च, दुपारी
पहिलं गिऱ्हाईक! घरातलंच, पण गिऱ्हाईक. मेहुण्याची, म्हणजे हिच्या धाकट्या भावाची, लाल गाडी. आठ महिन्यांची. त्याला प्रमोशन मिळालंय, सोमवारी नव्या ऑफिसात साहेब म्हणून रुजू होतोय. म्हणाला, भाऊजी, उन्हात बारीक गोल गोल ओरखडे दिसतात, तेवढे घालवता का? म्हटलं, तेवढे कशाला, सगळंच घालवतो. शनिवारी घेऊन ये.

ही मध्येच म्हणाली, नुसती धुऊन द्या त्याला. बायकोचा आपल्यावर विश्वास नसणं ही प्रत्येक मोठ्या कारागिराच्या वाट्याला आलेली गोष्ट आहे.

१६ मार्च, शनिवार, सकाळी ९.३०
गाडी आली. मेहुणा किल्ली देऊन नाश्त्याला घरात गेला. बॉनेटपासून सुरुवात. चिकटपट्टी लावली नाही. माझा हात बसलेला आहे.

१०.१०
चमत्कार! पॅड बघतो तर त्यावर मळ येतोय. आठ महिन्यांत केवढा मळ! मळाचा रंग लाल आहे. गाडीही लाल. योगायोग.

१०.२५
मळ संपत नाही. वेग वाढवला.

१०.४०
बॉनेटवर ताटाएवढी एक जागा अतिशय स्वच्छ झाली. इतकी स्वच्छ की आतून मूळ करडा रंग वर आला. सागवानाचं जुनं पॉलिश काढल्यावर आतल्या रेषा दिसायला लागतात, तसंच असावं. बाजूची जागाही त्याच करड्यावर आणतो, म्हणजे एकसारखं दिसेल.

१०.५५
मेहुणा बाहेर आला.

सायंकाळी ५.००
सकाळचं सविस्तर लिहीत नाही. मेहुणा ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. बॉनेटवर तळहात ठेवून उभा राहिला. मग हिला म्हणाला, ताई, पाणी दे. मला काहीच म्हणाला नाही. ‘भाऊजी’सुद्धा नाही.

डेंटरला बोलावलं. तो वाकला, बघितलं, आणि माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं जसं आपण कोवळं रोप उपटणाऱ्या पोराकडे बघतो. म्हणाला, दादा, लाकूड घासलं की खाली लाकूडच असतं, इथं खाली पत्रा असतो. हे त्याने आधी सांगायला हवं होतं.

१८ मार्च, सोमवार
मेहुणा साहेब झाला. रिक्षाने.

ही फोनवर त्याच्याशी बोलत होती, मी दाराआड होतो (चप्पल शोधत). म्हणाली, अरे, मनात वाईट नव्हतं त्यांच्या, तुला खूश करायला गेले. नंतर बराच वेळ नुसतं ऐकत होती. फोन ठेवला आणि कपाटाकडे गेली. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून, कापडाच्या पुरचुंडीने हलका हात फिरवत बसली. जेवायला मीच वाढून घेतलं. आमटी गार होती. गरम करावी असं वाटलं, पण नेमकं कुठलं बटण, ते आठवेना.

१९ मार्च
आत्मपरीक्षण. चूक कुणाची? (१) मशीनची : फार ताकदवान. (२) गाडीच्या कंपनीची : रंग कमी लावला. (३) मेहुण्याची : नाश्त्याला पंच्याऐंशी मिनिटं बसला नसता, तर एवढं झालंच नसतं. माझा काही संबंध येत नाही. तरी मोठ्या मनाने सगळं माझ्यावर घेतलंय. अजून कुणाला तसं सांगितलेलं नाही.

२१ मार्च
बॉनेट डेंटर रंगवून देतोय. त्याच्याकडे सल्लागार म्हणून जावं असं ठरवलं. त्याला ‘सल्लागार’ शब्द कळला नाही. म्हणाला, आधी गाड्या धुवायला शिका. ठीक आहे. पृष्ठभागाची पूर्वतयारी हाच तर कामाचा पाया. खातं माझ्याकडे.

२३ मार्च
पाच गाड्या धुतल्या. एका गाडीच्या मालकाने मला ‘ए मामा’ म्हणून हाक मारली. आपुलकीची माणसं असतात या धंद्यात.

२५ मार्च, दुपारी २.१५
एक गंमत नोंदवून ठेवतो. काळ्या गाडीचं टप पुसायला दाराला टेकून पुढे वाकलो. पुसता पुसता डावीकडून उजवीकडे सरकत गेलो. मागे होऊन बघतो तर दारावर एक सरळ, सुंदर, आडवी रेघ. हाताने मारायची म्हटली तरी इतकी सरळ येणार नाही. माझ्या पट्ट्याच्या बकलाची उंची आणि रेघेची उंची एकच. आणखी एक योगायोग.

२.४०
डेंटरने पट्टा काढायला सांगितला. मग घरी जायला सांगितलं.

२६ मार्च
डिटेलिंगमधून स्वेच्छेने बाहेर पडलो. मोठी माणसं शिखरावर असतानाच थांबतात. उद्या हेडबाई येणार. तेव्हा कपाटावर शेवटचा हात मारून घ्यावा म्हणून पेपर घेऊन गेलो. ही कपाटासमोर उभी राहिली. दोन्ही हात आडवे करून. लग्नाला तेवीस वर्षं झाली, हिला इतकी उंच कधी पाहिली नव्हती. परत फिरलो. चहा ठेवला.

२७ मार्च, संध्याकाळी
हेडबाई आल्या. सोबत काठी, चष्मा, आणि शाळेतला तो आवाज. कपाट बघितलं आणि आवाज गेला.

खिडकीचा उजेड दारांवर पडला होता. पाण्यात पडतो तसा. हेडबाईंनी पल्ला उघडला आणि वाकून आतल्या फळ्यांच्या कडा बघितल्या. मीही बघितल्या, पहिल्यांदाच. प्रत्येक कडेवर पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलेलं : इतिहास. गणित. प्रवास. एका कडेवर : ‘हिची’. त्या खणात लहानपणी हेडबाईंची पुस्तकं असायची, वडिलांनी लिहून ठेवलेलं. हेडबाई म्हणाल्या, माझी खात्री होती, हे गेलं असणार. मग स्टुलावर बसल्या आणि चष्मा काढून पदराने पुसू लागल्या. काच आधीच स्वच्छ होती.

मी सरसकट पेपर मारायला सांगितलं होतं, हे त्या वेळी मला आठवलं. आठवलं एवढंच लिहितो.

थोड्या वेळाने आवाज परत आला. हे कुणी केलं, विचारलं. मी म्हटलं, आम्ही. म्हणाल्या, किती हात दिले? मी म्हटलं, तीन. त्यांनी हिच्याकडे पाहिलं. ही हळूच म्हणाली, अकरा, पण आत कडांना दोनच, फार हलके, पेन्सिल पुसली जाऊ नये म्हणून. हेडबाई मला म्हणाल्या, तुम्ही खाली बसा. मी बसलो. का बसलो, कळलं नाही. खुर्चीपण नव्हती.

जाताना त्यांनी हिचे दोन्ही हात हातात घेतले आणि बोटं उलटीसुलटी करून पाहिली. मीही लांबून पाहिली. स्पिरिटने कातडं सोललंय. कधीपासून, कुणास ठाऊक. विचारायला हवं होतं.

३१ मार्च
सकाळपासून चार फोन. मी उचलतो. ताई आहेत का? म्हणतो, मी मालक बोलतोय. म्हणतात, बरं, ताईंना द्या. हेडबाईंनी अर्ध्या गावाला सांगितलेलं दिसतंय. त्यांच्या विद्यार्थ्यांची आता वयं झालीत आणि सगळ्यांकडे जुनं फर्निचर आहे.

६ एप्रिल
मेहुणा आला. नव्या बॉनेटची गाडी दोन गल्ल्या सोडून लावली होती. आजीचं जुनं टेबल ताईकडे दिलं. मला म्हणाला, भाऊजी, तुम्ही याला हात लावू नका हं. ‘भाऊजी’ म्हणाला! संबंध पूर्ववत.

८ एप्रिल
हिला हातमोजे आणून दिले. दुकानदाराकडे डिटेलिंगचेच होते, तेच घेतले. ही बघत राहिली. मग घातले. मापाचे निघाले. म्हटलं, तेवीस वर्षांत तुझ्या हाताचं माप मला माहीत होतं. खरं म्हणजे दुकानात एकच माप होतं.

११ एप्रिल
वर्कशॉपची फेररचना केली. क्रिएटिव्ह बाजू हिच्याकडे सोपवली. मी प्रॉडक्शन सांभाळणार.

१२ एप्रिल, संध्याकाळी ६.२०
प्रॉडक्शन : चार स्टुलं, सोळा पाय. दिवसभर पेपर मारला. पाठ धरली. संध्याकाळी ही तपासायला आली, डोळे मिटून प्रत्येक पायावर बोट फिरवलं. चौदा पास. दोन बाजूला काढले. म्हटलं, कुठे कमी पडलं? म्हणाली, कमी नाही, जास्त घासलेत.

मग पेपरचे उरलेले तुकडे मोजून डब्यात ठेवले, दिवा घालवला आणि म्हणाली, उद्या नऊला या, वेळेवर.

आम्ही एकाच घरात राहतो.